मसूरडाळीचा हिशोब

आमच्या घरी मसूरडाळ येत नसे. तुरीची आमटी रोजची, पोट बिघडलं की मुगाची खिचडी, पावसाळ्यात कुळथाची पिठी, श्रावणात वालाचं बिरडं. पण मसूर नाही. लहानपणी मला हा काहीतरी धार्मिक प्रकार वाटायचा, कारण शेजारच्या आजी चातुर्मासात मसूर वर्ज्य म्हणून सांगायच्या. पुढे कळलं की बाबांना चालत नाही, म्हणून आई आणत नाही. का चालत नाही, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाबा १९८४ ते १९९५ अशी अकरा वर्षं शारजात फिटर होते. ते परत आले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि हा घरात राहायला आलेला माणूस कोण, याचीच उकल व्हायला मला काही महिने लागले. डाळीचं कोण विचारतो!

आता मीच इथे आहे. अबुधाबीत समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या संशोधनात नोकरी करतो. मधे कॅनडात डॉक्टरेट झाली, त्याविषयी पुढे येईलच. तर गेल्या वर्षी ऑफिसात जेवताना एक वाद झाला. एक इजिप्शियन सहकारी म्हणाला, या देशात सर्वात जास्त कडधान्य आम्ही खातो, सकाळ-संध्याकाळ फूल (म्हणजे घेवड्यासारख्या दिसणाऱ्या बाकल्याच्या शिजवलेल्या बिया). लाहोरच्या मित्राने छोल्यांचा झेंडा उभारला. मी अर्थातच आमटीच्या बाजूने. इंजिनियर लोकांचा वाद असल्यामुळे 'आकडे आणा' असं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. अमिरातीतला माणूस वर्षाला किती डाळ खातो आणि ते प्रमाण कसं बदलत गेलं, एवढा साधा प्रश्न. म्हटलं, एका शनिवारचं काम आहे.

शनिवार सरले. आकडा काही हाती लागला नाही. म्हणजे लागला, पण त्याला अर्थ नाही असं लक्षात आलं.

कुठल्याही देशाचं हे गणित असं मांडतात: पिकलं किती, त्यात बाहेरून आलेलं मिळवा, बाहेर गेलेलं वजा करा, बियाणं-नासाडी काढा आणि लोकसंख्येने भागा. भारतासाठी हे गणित बरंच काही सांगतं. १९६१ साली आपल्याकडे माणशी रोज ६९ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होतं. २००१ साली ते ३० ग्रॅमवर आलं. चाळीस वर्षांत अर्ध्याहून कमी! हरितक्रांतीत पाण्याखालची चांगली जमीन गहू-भाताला गेली, कडधान्य कोरडवाहू तुकड्यांवर ढकललं गेलं, माणसं वाढली आणि ताटातली वाटी पातळ होत गेली. पुढे आयात आणि उत्पादन वाढल्यावर आकडा पुन्हा ५० च्या वर चढला. या रेघेत एका समाजाची गोष्ट आहे.

अमिरातीत पिकतं जवळजवळ शून्य. येतं प्रचंड आणि त्यातलं पुष्कळसं पुन्हा बाहेर जातं, कारण १९७९ साली सुरू झालेलं जेबेल अली हे बंदर म्हणजे अर्ध्या जगाचं गोदाम आहे. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करून छोटी संख्या काढायची नसते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मापनातल्या सगळ्या चुका त्या छोट्या संख्येच्या डोक्यावर येऊन बसतात. डिसेंबरात आलेला मसुरीचा कंटेनर फेब्रुवारीत आफ्रिकेला गेला, तरी पहिल्या वर्षाच्या हिशोबात तो आम्ही खाल्लेला असतो. आणि भागायचं कशाने? १९६८ च्या जनगणनेत या सगळ्या प्रदेशात मिळून सुमारे १ लाख ८० हजार माणसं होती. १९७५ मध्ये साडेपाच लाख, २००५ मध्ये ४१ लाख आणि आज कोटीच्या वर. त्यातले मूळ अमिराती जेमतेम दहा-बारा टक्के. भारतीयच ३५ लाखांहून जास्त. म्हणजे इथला आकडा वर गेला तर लोक जास्त डाळ खाऊ लागले असं नव्हे, डाळ खाणारे लोक विमानाने आले इतकंच. मग मी आकड्यांचा नाद सोडला आणि डाळ आली कुठून, कुणाबरोबर, त्याच्या मागे लागलो.

इथे वर्षाला १०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. खजूर, मासे, उंटाचं-शेळीचं दूध, ओअॅसिसमधला थोडा गहू आणि बार्ली असा जुना आहार. कडधान्याच्या कुळातली इथली रुजलेली वनस्पती म्हणाल तर एक 'जत', म्हणजे आपला लसूणघास, जो जनावरं खातात. आणि दुसरं घाफ नावाचं झाड. हे घाफ २००८ साली राष्ट्रीय वृक्ष म्हणून जाहीर झालं. त्याचं शास्त्रीय नाव बघितलं आणि मी खुर्चीतच हसलो. ही तर आपली शमी! दसऱ्याला पूजा होते ती, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. राजस्थानात तिच्या शेंगांची सांगरीची भाजी करतात. इथे त्या शेंगा उंट-शेळ्यांच्या वाट्याला गेल्या.

माणसांच्या वाट्याची डाळ मुंबईहून यायची. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी १८६२ पासून मुंबई-आखात अशा फेऱ्या करत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दुबई हा त्यांचा नेमाचा थांबा झाला. त्याआधीपासून गलबतं होतीच. इकडून मोती जायचे, तिकडून तांदूळ, कापड, साखर, मसाले, लाकूड आणि डाळ यायची. मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि त्याच पैशातून मशीद बंदर, दाणाबंदरच्या पेढ्यांवरून वर्षाचं धान्य भरलं जाई. दुबईच्या खाडीकाठी सिंधी आणि भाटिया व्यापाऱ्यांची दुकानं होती, त्यांच्या वखारीतून हा माल गावोगाव पोचायचा.

या व्यवहाराची खूण भाषेत राहिलेली आहे. अमिराती घरात डाळीला 'दाल'च म्हणतात, अरबीतला 'अदस' बाजूला ठेवून. लोणच्याला 'अचार', सरळ जायला 'सीदा', बुटाला 'जूती'. माझ्या ऑफिसातल्या एका अमिराती सहकाऱ्याची आजी खाटेला 'कर्फाया' म्हणायची. चारपाईचं हे अरबी रूप! मुगाला अरबी आणि फारसीत म्हणतात 'माश'. हा आपला संस्कृत 'माष', फक्त वाटेत कुठेतरी उडदाचा मूग झाला. सोनाराच्या तोळा-माशातला मासाही तोच. इथली स्वतःची म्हणावी अशी कडधान्याची चीजही आहे: 'दंगो', म्हणजे सुक्या मिरच्या घालून उकडलेले चणे, आणि 'बाजेला', म्हणजे तसेच उकडलेले बाकले. थंडीत कागदी शंकूत मिळतात. आपल्या चौपाटीवरच्या चण्यांची आठवण होते, फक्त वर कांदा-कैरी नाही.

नुसती डाळच नव्हे, रुपयाही मुंबईचाच चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, कारण साध्या रुपयांच्या वाटेने सोन्याची तस्करी फार बोकाळली होती. (गलबत इकडे येताना डाळ-तांदूळ आणि तिकडे जाताना सोन्याची बिस्किटं, हा भाग आपल्याला हिंदी सिनेमामुळे जास्त पाठ आहे.) मग ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. आखाती लोकांच्या घरातल्या नोटांची किंमत एका रात्रीत एक तृतीयांशाहून अधिक उतरली आणि इथल्या राज्यांनी रुपयाला रामराम ठोकला. आज वापरतो तो दिरहम १९७३ चा. मुंबईशी असलेली पैशाची गाठ सुटली ती तेव्हा. डाळीची गाठ राहिली, पण तिची दिशा बदलली: आता डाळीबरोबर माणसंही येऊ लागली.

तेलाचे पैसे आले, डिसेंबर १९७१ मध्ये देश झाला आणि सगळं एकदम बांधायला निघालं. अरब देशांतले शिक्षक, डॉक्टर, इंजिनियर आले, त्यांच्याबरोबर फूल, फलाफल आणि हम्मस आलं. आज ज्याला लोक 'अरबी जेवण' म्हणतात त्यातलं पुष्कळसं या किनाऱ्यासाठी आपल्या आमटीपेक्षा नवीन आहे! हे मी ऑफिसात मोठ्या आवाजात सांगितलं. इजिप्शियन मित्राने त्या दिवशी चहा दिला नाही.

आणि बांधकामावरची माणसं आली. केरळ, आंध्र, पंजाब, सिंध, चितगाव आणि आमचं कोकण. 'द्वारका' ही या मार्गावरची शेवटची आगबोट १९८२ पर्यंत चालत होती; बाबांच्या आधीची पिढी तिच्यातून आली. बाबा विमानाने आले, पण ट्रंक तशीच: आईने बांधून दिलेले कुळीथ, वाल, तिरफळं, दोन बरण्या लोणचं.

बाबांचे एक जुने रूममेट अजून शारजात आहेत. रत्नागिरीजवळचे, मी त्यांना चाचा म्हणतो. मुलाचं छोटं किराणा दुकान आहे, चाचा गल्ल्याशेजारी बसून असतात. डाळीचा माझा प्रश्न घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. वाटलं होतं, जुन्या भावांची काही माहिती मिळेल.

"डाळ?" चाचा म्हणाले. "अरे, आम्ही दुसरं काय खात होतो!"

एका खोलीत बारा माणसं, तीन मजली पलंग. खाली एक स्वयंपाकघर, चार खोल्यांना मिळून. बारा तासांची पाळी संपवून आलं की गॅससाठी रांग. तूर शिजायला वेळ लागतो, चणे-वाटाणे आदल्या रात्री भिजत घालायला हवेत आणि ती आठवण कुणाला राहणार? सालं काढलेली मसूर वीस मिनिटांत शिजते, भिजवावी लागत नाही, कुकरची वाट बघावी लागत नाही. शिवाय सर्वात स्वस्त. त्या काळी बाजारात तुर्कस्तानची लाल मसूर मुबलक असे. म्हणून रोज रात्री मसूर आणि भात, शुक्रवारी मासे नाहीतर कोंबडी. रंग बदलावा म्हणून कधी टोमॅटो.

मेसचा हिशोब बाबांकडे होता. अक्षर चांगलं आणि आकड्यांचा पक्का म्हणून सगळ्यांनी त्यांच्यावर टाकला. महिन्याचा वाटा ठरलेला. त्यातून वाचेल ते प्रत्येकाला परत. ते परत आलेले पंधरा-वीस दिरहमही ड्राफ्टमध्ये घातले जायचे. डब्याने डाळ मोजायची आणि किती डबे घालायचे ते बाबा ठरवायचे. "महिनाअखेरीला आमटीत खोलीतला दिवा दिसायचा," चाचा म्हणाले. "पण तुझ्या बाबाचा हिशोब कधी एका फिल्सने चुकला नाही."

मग थोडं थांबून त्यांनी ते सांगितलं. खोलीत एक पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, मंडणगडकडचा. सगळ्यात जड काम त्याच्याकडे. एका रात्री त्याने आणखी एक डाव आमटी मागितली. बाबांनी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या पाळीचे तीन जण यायचे होते, डाळ मोजून टाकलेली होती, हिशोब बरोबर होता. पोरगा काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या मेसमध्ये गेला आणि वर्षभराने गावी परत. "काही वाईट झालं नाही त्याचं," चाचा घाईने म्हणाले. "आता चिपळुणात रिक्षा चालवतो म्हणे. पण तुझ्या बाबाने त्याला वाढलं नाही, ते त्याच्या मनातून गेलं नाही. मला दर फोनला विचारतो, तो भेटला का कधी."

परत येताना मी सोनापूरवरून आलो. दुबई-शारजाच्या सीमेवरची ही कामगार वस्ती. नाव कुणी तरी हौसेने ठेवलं असावं, सोन्याचं गाव. पण जुन्या मुंबईकराला सोनापूर म्हटलं की स्मशान आठवतं. इथे मायदेशी पाठवायच्या मृतदेहांवर औषधप्रक्रिया करणारं केंद्रही बरीच वर्षं याच भागात होतं. सरासरी काढताना या वस्तीतला माणूस आणि मरीनातल्या बत्तिसाव्या मजल्यावरचा माणूस एकाच भाजकात जातात.

आता माझी गंमत सांगतो. मसूर खाऊन विटलेल्या माणसाचा मुलगा डॉक्टरेटला कुठे गेला? सस्काटूनला, जिथे विमानातून खाली बघितलं तर मैलोन्‌मैल मसूर! १९७० च्या सुमाराला त्या गवताळ प्रदेशात मसूर जवळजवळ नव्हतीच. गव्हाची कोठारं इतकी भरली होती की १९७० साली कॅनडा सरकारने गहू पेरू नका म्हणून शेतकऱ्यांना पैसे दिले. त्याच सुमाराला सस्काचेवान विद्यापीठात पीक विकास केंद्र निघालं, अल स्लिंकार्ड नावाचे पैदासकार तिथे आले आणि १९७८ साली त्यांनी 'लेअर्ड' हा मोठ्या हिरव्या मसुरीचा वाण दिला. पूर्वी एका वर्षाआड जमीन पडीक ठेवायचे, तिथे आता हवेतला नायट्रोजन मातीत आणणारं आणि पैसेही देणारं पीक मिळालं. २००० नंतर लाल मसुरीचाही जोर झाला. आज मसूर निर्यातीत कॅनडा पहिला आहे, आणि एके काळी जगाला मसूर विकणारं तुर्कस्तान कॅनडाची मसूर आणून, भरडून पुढे विकतं. पिकवणारे स्वतः मात्र फारशी खात नाहीत. माझ्या घरमालकांची शेकडो एकर मसूर होती. मी आमटी करून दिली, तर त्यांनी 'सूप छान आहे' म्हणून ब्रेड मागितला.

म्हणजे १९८० च्या दशकात बाबांच्या डब्यात तुर्की मसूर होती आणि माझ्या पिठल्या-भाताच्या दिवसांत, पाच मैलांवर, पुढच्या पिढीच्या बाबांसाठी मसूर पिकत होती.

भारताची डाळ मात्र मधे तुटली. भाव चढले म्हणून जून २००६ मध्ये सरकारने कडधान्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. काबुली चण्यासारखे अपवाद सोडले तर ती नोव्हेंबर २०१७ पर्यंत या ना त्या रूपात राहिली. इथल्या दुकानांत मग म्यानमार आणि टांझानियाची तूर आली, दुबईतच भरडलेली. चाचा म्हणतात, गिऱ्हाईक पाकीट नाकाला लावून 'ही आपली नाही' म्हणायचं. मराठी माणसांना या दिवसांत आधार होता तो दातारांच्या 'अल अदिल' दुकानांचा. महादेव दातारांनी १९८४ साली दुबईत एक लहानसं दुकान काढलं, धनंजय दातारांनी त्याची साखळी केली. कुळीथ, मटकी, वाल, मेतकूट, थालीपिठाची भाजणी एका छताखाली मिळणं म्हणजे काय, ते परदेशात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

२०१५ मध्ये भारतात तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत पोचली, कोंबडीच्याही वर. 'घर की मुर्गी दाल बराबर' ही म्हण तेव्हा तक्रार न राहता चैन झाली. इथे तर ब्राझीलची गोठवलेली कोंबडी केव्हापासूनच डाळीच्या आसपास भावाने मिळते. म्हणून मेसमधली वाटी बदलते आहे. आजची पोरं आठवड्यातून चार दिवस कोंबडी खातात, डाळ बाजूला असते. दुसरीकडे डॉक्टर अमिरातींना मधुमेहासाठी आणि उंचावरच्या मजल्यांवरच्या मंडळींना वजनासाठी मसुरीचं सूप सुचवतात. एके काळची गरिबाची वाटी आता पथ्य म्हणून वरच्या मजल्यावर चढते आहे. ही खरी चढ-उतार, पण दरडोई आकड्यात ती दिसत नाही, एकमेकींना खोडून टाकते.

माझ्या धंद्याचं एक गणित सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक किलो कडधान्य पिकवायला जगाच्या सरासरीने सुमारे ४,००० लिटर पाणी लागतं, बहुतेक पावसाचं. आम्ही समुद्राचं पाणी गोडं करतो त्याला घनमीटरला तीन-चार युनिट वीज लागते. म्हणजे इथे एक किलो डाळ नळाच्या पाण्यावर पिकवायची तर नुसती पाण्याचीच वीज बारा ते सोळा युनिट! सस्काटूनचा पाऊस कंटेनरमधून आणणं कितीतरी स्वस्त. तेच पाणी डाळ शिजवायला मात्र फार छान. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी जड, त्यातला कॅल्शियम डाळीच्या पेशींना चिकटून बसतो आणि तूर तासभर गणंग राहते. इथे तीन शिट्ट्यांत लोणी.

सरकारनेही डाळीची दखल घेतली आहे. ज्या नऊ जिनसांचे भाव परवानगीशिवाय वाढवता येत नाहीत, अशी यादी जानेवारी २०२५ पासून लागू आहे; त्यात तांदूळ, गहू, साखर, तेल, अंडी यांच्या जोडीला कडधान्य आहे. कडधान्य व्यापाऱ्यांच्या जागतिक महासंघाचं मुख्यालयही दुबईतच आहे. डाळ न पिकवणाऱ्या गावात!

या थंडीत आई-बाबा महिनाभर राहून गेले. एका संध्याकाळी बाबांना घेऊन सुपरमार्केटात गेलो. डाळींच्या रांगेसमोर ते बराच वेळ उभे होते. मसूरडाळीचं पाकीट उचललं, चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली.

"कॅनडा," म्हणाले. "तुझ्याकडची का ही?"

"हो. तिथलीच."

त्यांनी किंमत बघितली, ओठ हलवत काहीतरी गुणाकार केला. पाकीट हातात तोलून पाहिलं.

"बारा माणसांना दोन वेळ पुरेल," म्हणाले आणि ते जागेवर ठेवून दिलं. मग आईने सांगितलेले मूग घेतले आणि आम्ही बिलाच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.